हंडीत मांस कधी आलं?

१६९६ साली सेबास्तियां व्होबां याने आपल्या गावाकडच्या मुलखाचा एक अहवाल लिहिला. व्होबां हा चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा माणूस. ताऱ्याच्या आकाराचे त्याचे कोट आजही फ्रान्सच्या सरहद्दीवर उभे आहेत. या अहवालात मात्र तटबुरुजांचा विषय नाही. व्हेझले परगण्यात माणसं किती, गुरं किती, जमीन कशी, कर किती आणि लोक खातात काय, याची ती मोजदाद आहे. खाण्याचा मजकूर वाचवत नाही. गरीब रयतेचा पाव जवाचा आणि ओटचा, कोंडाही न काढलेला. मांस तर वर्षातून तीनदाही त्यांच्या तोंडी लागत नाही, असं व्होबांने लिहून ठेवलं आहे.

आजच्या नकाशात व्हेझले बर्गंडीत येतं. आणि याच बर्गंडीच्या नावावर जगभर खपतो तो ‘बफ बूर्गिन्यों’: गोमांसाचे मोठे तुकडे, रेड वाईन, खारवलेलं डुकराचं मांस, छोटे कांदे, अळंबी, आणि मंद आचेवर तीन तास. पाककृतीच्या डोक्यावर बहुधा एक ओळ असते की हा बर्गंडीच्या शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पदार्थ. व्होबांच्या शेतकऱ्याने ती ओळ वाचली असती, तर लिहिणाऱ्याला घरी बोलावून आपली हंडी उघडून दाखवली असती.

पदार्थात खोट नाही. खोट आहे ती त्याच्या सांगितलेल्या वयात आणि कुळात. ‘घरी करून पाहण्याजोगे अभिजात फ्रेंच पदार्थ’ म्हणून जे शिकवलं जातं, त्यातला मोठा भाग शेतकऱ्याच्या चुलीवरून आलेला नाही. तो शहरातल्या खात्यापित्या घरांतून आला, आणि त्या घरांत पगारावर राबणाऱ्या स्वयंपाकिणींच्या हातून आला. पुस्तकं लिहिली बहुतेक पुरुषांनी. आजीबाईच्या गोष्टी त्याला चिकटल्या त्या नंतर.

खेड्यातल्या हंडीत मग होतं काय? धुराड्याच्या आत एक दातेरी लोखंडी आकडा टांगलेला असे. हंडी त्याला अडकवायची. आच जास्त वाटली की एक दात वर, कमी वाटली की एक दात खाली. आत कोबी, सलगम, कांदा, लीक, सुकवलेले वाटाणे. बरा दिवस असेल तर मीठ लावून ठेवलेल्या डुकराचा एक तुकडा, तोही वासापुरता. पाव रोज भाजणं परवडत नसे, सरपण लागे. त्यामुळे एकदा भाजलेला पाव दिवसेंदिवस पुरवायचा, आणि तो दगड झाला की वाडग्यात त्याचे काप घालून वर हंडीतलं पाणी ओतायचं. सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

याच हंडीत राजाने कोंबडी घातली, अशी फ्रान्समधल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असलेली गोष्ट आहे. चौथ्या हेन्रीने म्हणे वचन दिलं होतं की माझ्या राज्यातल्या प्रत्येक कुणब्याच्या हंडीत रविवारी कोंबडी शिजेल. हेन्रीचा खून १६१० साली झाला. वचनाची गोष्ट छापील रूपात ठळकपणे येते ती १६६१ साली, पेरेफिक्स या धर्मगुरूने लिहिलेल्या हेन्रीच्या चरित्रात. पेरेफिक्स हा हेन्रीच्या नातवाचा, म्हणजे चौदाव्या लुईचा, शिक्षक. आजोबा कसे प्रजाहितदक्ष होते हे नातवाच्या मनावर ठसवण्यासाठी लिहिलेलं ते पुस्तक. पुढे राज्यक्रांती झाली, नेपोलियन आला आणि गेला, आणि १८१४ साली बूर्बों घराणं गादीवर परतलं, तेव्हा प्रजेला आपलंसं करायला या कोंबडीचा पुन्हा उपयोग झाला. निवडणुकीतल्या आश्वासनांची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

तरी ती कोंबडी, ‘पूल ओ पो’, हा पदार्थ म्हणून फक्कड आहे. अंडी द्यायची थांबलेली जून कोंबडी घ्यायची. पावाचा चुरा, तिचंच काळीज, लसूण, अजमोदा आणि अंडं यांचं सारण पोटात भरून ती शिवून टाकायची, आणि गाजर, लीक, सलगम यांच्या सोबतीने दोन-तीन तास हलक्या आचेवर ठेवायची. ब्रॉयलर इतका वेळ टिकत नाही, त्याचा लगदा होतो. गावठी कोंबडीच हवी. महाराष्ट्रात २०१५पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, तेव्हा फ्रेंच हंडी चढवण्याची हौस असलेल्या मराठी माणसाला राजाच्या नावाची ही कोंबडीच सगळ्यांत सोयीची.

गोमांस हा शहराचा माल होता. जनावरं खेड्यातून चालत पॅरिसला जात आणि तिथल्या खाटकांच्या दुकानात विकली जात. त्यातले चांगले भाग भाजायला. नळीचं, खांद्याचं, बरगडीचं चिवट मांस उकळायला. हे उकळलेलं मांस आणि त्याचं पाणी म्हणजे ‘पोतोफ’, सगळ्या फ्रेंच घरगुती स्वयंपाकाची जणू मूळ प्रत. १६५१ साली ला व्हारेनचं ‘फ्रेंच स्वयंपाकी’ हे पुस्तक आलं. मध्ययुगीन मेजवान्यांतला आलं, दालचिनी, केशर यांचा मारा त्यात ओसरला आणि मांसाचं पाणी हा स्वयंपाकाचा पाया म्हणून पुढे आला. रस्सा दाट करायला चरबीत परतलेलं पीठही याच पुस्तकात भेटतं. ला व्हारेन एका सरदाराच्या मुदपाकखान्यात होता. त्याने लिहिलं ते मोठ्यांच्या घरच्या मोठ्या स्वयंपाकाचं.

खरा सांधा बदलला १७४६ साली. मनों नावाच्या लेखकाने ‘ला क्विझिनिएर बूर्जुआज’ हे पुस्तक काढलं, आणि ते पुरुष खानसाम्याला उद्देशून नव्हतं. ते होतं मध्यमवर्गीय घरातल्या स्वयंपाकीण बाईसाठी. पुरुष स्वयंपाकी ठेवणं हा सरदारांचा थाट. त्याचा पगार मोठा, त्याच्या हाताखाली माणसं, त्याची मिजास वेगळी. वकील, व्यापारी, नोटरी अशा घरांना परवडायची ती एक बाई. तीच बाजार करणार, तीच चूल पेटवणार, तीच वाढणार. मनोंने दरबारी पदार्थांतला फापटपसारा छाटला, कोणत्या महिन्यात बाजारात काय मिळतं ते सांगितलं, आणि कमी जिन्नसांत, कमी भांड्यांत निभावणाऱ्या कृती दिल्या. राज्यक्रांतीने सरदारांचे मुदपाकखाने रिकामे केले, पण हे पुस्तक पुढच्या शतकातही छापलं जात राहिलं.

या बायांविषयी मालकिणींची एक कायमची तक्रार होती. बाजारात गेल्या की दुकानदाराकडून दर फ्रँकमागे एक सू आपल्यासाठी कापून घ्यायचा, हा त्यांचा अलिखित हक्क. हिशेबात भावही थोडा चढवून सांगायचा. पॅरिसच्या बोलीत याला ‘टोपलीचा कान नाचवणं’ म्हणत. तुटपुंज्या पगारावर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी बाई एवढं तरी करणारच. ज्यांना आज जग ‘बूर्जुआ स्वयंपाक’ म्हणून डोक्यावर घेतं, ते पदार्थ या टोपल्यांतून आले आहेत.

उकळलेलं मांस खावं की नाही, यावर एकोणिसाव्या शतकात दोन मोठ्या माणसांची खडाखडी झाली. ब्रिया-साव्हारें हा न्यायाधीश आणि पट्टीचा खवय्या. १८२५च्या अखेरीस आलेल्या ‘रुचीचं शरीरशास्त्र’ या ग्रंथात त्याने पोतोफच्या मांसावर नाक मुरडलं. त्याचं म्हणणं असं की उकळून सगळा रस पाण्यात उतरला, मग मागे उरला तो चोथा. जाणकार तो खात नाहीत. दुसरा माणूस आंतोनें कारेम, राजेरजवाड्यांचा बल्लवाचार्य, साखरेचे मनोरे उभारणारा. त्याच्याकडून गरिबाच्या हंडीची बाजू घेतली जाईल असं कोणाला वाटलं नसतं. पण त्याच्या शेवटच्या ग्रंथाची, १८३३ साली तो वारला त्याच वर्षी आलेल्या ‘एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच पाककला’ची, सुरुवातच पोतोफपासून होते.

कारेमने त्यात सामान्य घरातल्या हंडीची चिकित्सा केली आहे, आणि ती चिकित्सा म्हणजे एका अनाम बाईचं कौतुक आहे. ती मांस गार पाण्यात घालते, हंडी विस्तवाच्या कडेला ठेवते. पाणी हळूहळू तापतं, मांसातली प्रथिनं सैल होऊन वर येतात, त्यांचा फेस होतो, ती तो काढून टाकते. मग भाज्या, मग मंद आच. रसायनशास्त्राचा गंध नसताना, केवळ आईकडून शिकून, ती रसायनशास्त्रज्ञाला जमावं तसं नितळ पाणी मिळवते. तेच मांस एखाद्या अडाण्याने उकळत्या पाण्यात टाकलं तर फेस आतल्या आत मोडतो, पाणी गढूळ होतं आणि मांस वातड.

कारेमची कृती आजही तशीच्या तशी चालते. मांस सुतळीने बांधायचं, नाहीतर तीन तासांनी त्याच्या चिंध्या होतात. दोन जातींचं मांस हवं: एक चरबीचं, एक दोऱ्या-शिरांचं, कारण चव चरबीतून येते आणि रश्शाला ओठाला चिकटणारा दाटपणा शिरांतून. एका कांद्याला दोन-तीन लवंगा टोचायच्या. दुसरा कांदा आडवा चिरून चुलीवर काळाठिक्कर होईपर्यंत भाजायचा. त्यानेच पाण्याला सोनेरी रंग येतो. कोबी वेगळ्या भांड्यात, कारण त्याचा वास सगळ्यांवर कुरघोडी करतो. नळीचं हाड शेवटच्या अर्ध्या तासात, दोन्ही टोकांना जाड मीठ चोळून, म्हणजे मगज बाहेर वाहून जात नाही. आणि उकळी फुटू द्यायची नाही. पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा, एवढंच.

वाढताना आधी रस्सा, भाजलेल्या पावाच्या कापांवर. मग मांस आणि भाज्या वेगळ्या थाळीत. सोबत तिखट मोहरी, जाड मीठ, व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या. मगज टोस्टवर फासायचा. दुसऱ्या दिवशी उरलेल्या मांसाचे काप कांद्याच्या आंबटसर रश्शात घातले की ‘मिरोतों’. तिसऱ्या दिवशी जे उरेल ते बारीक करून वर बटाट्याचा मऊ थर दिला की ‘आशी पार्मांतिए’. या दुसऱ्या पदार्थाला नाव आहे आंत्वान पार्मांतिए या औषधनिर्मात्याचं. सात वर्षांच्या युद्धात तो प्रशियाच्या कैदेत होता, तिथे बटाट्यावर जगला आणि परत येऊन फ्रेंचांच्या गळी बटाटा उतरवायच्या मागे लागला. त्याआधी फ्रान्समध्ये बटाटा म्हणजे डुकरांचं खाणं. त्याने महारोग होतो असंही लोक समजत. पॅरिसच्या वैद्यकीय मंडळाने १७७२ साली बटाटा खाण्यायोग्य ठरवला.

उकळलेल्या मांसावर धंदा उभा करणारा पहिला हुशार माणूस खाटीकच निघावा, हे रीतसरच आहे. १८५०च्या दशकात पॅरिसमध्ये बातिस्त-आदोल्फ द्युव्हाल या खाटकापुढे अडचण अशी की त्याची श्रीमंत गिऱ्हाइकं उंची मांस उचलत आणि हलकं मांस दुकानात पडून राही. त्याने त्या मांसाचं पोतोफ करून मजूर-कारकुनांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. ‘बुइयों’ म्हणजे रस्सा, आणि त्याच नावाची ही खानावळ. तिच्या शाखा शहरभर पसरल्या. ठरावीक दर, स्वच्छ टेबलं, आणि वाढायला पांढऱ्या टोप्या घातलेल्या बाया. साखळी पद्धतीच्या हॉटेलांच्या इतिहासात द्युव्हालचं नाव फार वरचं आहे. आणि हेही लक्षात घ्यावं की पॅरिसमधली पहिली रेस्तराँ १७६०च्या दशकात निघाली, तीही अशक्त माणसाला तरतरी देणारा मांसाचा रस्सा विकण्यासाठीच. घरची हंडी बाजारात बसली आणि तिच्याभोवती अख्खा व्यवसाय जमला.

१८६७ साली झ्यूल गूफे या कारेमच्या शिष्याने पाकशास्त्राचं पुस्तक लिहिलं आणि त्याचे सरळ दोन भाग केले: आधी घरगुती स्वयंपाक, मग मोठा स्वयंपाक. आपण एकही कृती समोर घड्याळ आणि हातात तराजू असल्याशिवाय लिहिली नाही, असं त्याने प्रस्तावनेत बजावलं. तोवर ‘अंदाजाने’, ‘मुठीएवढं’, ‘शिजेस्तोवर’ असा कारभार होता, आणि तो चाले, कारण वाचणारीला स्वयंपाक येतच असे. गूफेच्या वाचकाला तो येत नव्हता. घरातल्या मालकिणीला आता स्वतः चुलीपाशी उभं राहायची वेळ येत होती.

या नव्या वाचकिणीसाठी १८९३ साली पॅरिसमध्ये ‘ल पोतोफ’ नावाचं नियतकालिकच निघालं. दोनच वर्षांनी मार्त दिस्तेल या पत्रकार बाईने ‘ला क्विझिनिएर कोर्दों ब्ल्यू’ काढलं, आणि वाचकिणींना ओढायला म्हणून स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. पहिलं प्रात्यक्षिक जानेवारी १८९६मध्ये झालं. आज जगभर शाखा असलेली कोर्दों ब्ल्यू ही शाळा अशी एका मासिकाच्या खपासाठी जन्मली. ‘ल पोतोफ’मध्ये वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या मारी एब्रार यांनी मादाम सेंत-आंज या नावाने १९२७ साली जाडजूड पुस्तक काढलं, आणि ते फ्रेंच घरांत ‘रुचिरा’सारखं मांडणीवर कायमचं बसलं. या बाईंचा काटेकोरपणा थक्क करणारा. कढई किती इंची, ती कोणत्या क्षणी कशी दिसली पाहिजे, झाकण पूर्ण लावायचं की फटीसह, आच कुठल्या बाजूने: सगळं लिहिलेलं. पुरुष लेखक जिथे ‘नेहमीप्रमाणे शिजवा’ म्हणून पुढे जातात, तिथे सेंत-आंजबाईंचं पान सुरू होतं.

आता बफ बूर्गिन्यों. एस्कोफिए या बल्लवाचार्याचा ‘पाकमार्गदर्शक’ १९०३ साली आला. त्यात बर्गंडी पद्धतीचं गोमांस आहे, पण ते तुकड्यांचं नाही. एक मोठा अखंड तुकडा, आत चरबीच्या पट्ट्या ओवलेला, वाईनमध्ये मुरवून शिजवलेला. टेबलावर येऊन कापायचा. हॉटेलाचा पदार्थ, सरळच. बर्गंडी पद्धत म्हणजे रेड वाईन, छोटे कांदे, अळंबी आणि डुकराचे तुकडे, असा पाकशास्त्राच्या पुस्तकांतला तो संकेत होता. मासे किंवा अंडी त्याच पद्धतीने केली तरी नाव तेच. घरोघरी जे रूप रुळलं ते चिवट मांसाच्या तुकड्यांचं, कारण घरातल्या बाईला अखंड पुठ्ठा परवडत नव्हता. हॉटेलातून घरात आलेल्या पदार्थाला पुढच्या दोन-तीन पिढ्यांत खेडूत आजी मिळाली.

ही आजी मिळवून देण्यात मोटारगाडीचा मोठा हात आहे. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसचे पैसेवाले गाड्या घेऊन प्रांतांत फिरू लागले, आणि टायर विकणाऱ्या मिशलँने त्यांच्यासाठी हॉटेलांची मार्गदर्शिका काढलीच होती. क्युर्नोन्स्की या टोपणनावाचा पत्रकार आणि त्याचा मित्र मार्सेल रूफ यांनी १९२१ ते १९२८ या काळात फ्रान्सच्या प्रांतोप्रांतीच्या खाण्यावर अठ्ठावीस खंड लिहिले. गावोगावची स्थानिक थाळी शोधायची, तिला इतिहास द्यायचा, आणि पॅरिसच्या हॉटेली थाटावर टीका करायची, असा तो खटाटोप. त्यात प्रेम खरं होतं. इतिहास मात्र पुष्कळदा खानावळवाल्याच्या तोंडचा.

कासूलेचंच पाहा. पांढरा घेवडा, बदकाचं चरबीत राखलेलं मांस, डुकराचे सॉसेज, आणि मातीच्या भांड्यात तासन्‌तास. दक्षिणेतल्या कास्तेलनोदारी गावची दंतकथा अशी की शतवार्षिक युद्धात इंग्रजांनी वेढा घातला, गावकऱ्यांनी घराघरातून उरलंसुरलं गोळा करून एका भांड्यात शिजवलं, ते खाऊन सैनिक असे चेकाळले की शत्रू पळत सुटला. १३५५ साली इंग्लंडच्या ब्लॅक प्रिन्सने कास्तेलनोदारी जाळलं, हे खरं. अडचण घेवड्याची आहे. तो अमेरिकेतला. कोलंबस १४९२ साली तिथे पोचला, आणि घेवडा युरोपात रुजला सोळाव्या शतकात. वेढ्यात काही शिजलं असेलच तर बाकला. पण गावाला दंतकथेपेक्षा शेजाऱ्यांची जास्त काळजी: कार्कासोन म्हणतं आमचा कासूले खरा, तुलूझ म्हणतं आमचा. कार्कासोनच्याच प्रोस्पेर मोंतान्ये या पाकशास्त्रज्ञाने तोड काढली: कास्तेलनोदारीचा पिता, कार्कासोनचा पुत्र, तुलूझचा पवित्र आत्मा. भांडण मिटलं नाहीच. जवळच्या इसेल गावचे कुंभार ज्या निमुळत्या बुडाचं भांडं करतात, त्या ‘कासोल’वरून पदार्थाचं नाव पडलं, यावर मात्र तिघांचं एकमत आहे.

त्याच रूफने १९२४ साली दोदें-बूफां या काल्पनिक खवय्यावर कादंबरी लिहिली. तिच्यात एक राजपुत्र दोदेंला जेवायला बोलावतो आणि न संपणारी, अवजड मेजवानी देतो. परतीच्या जेवणात दोदें त्याच्यापुढे पोतोफ ठेवतो. आधी राजपुत्राला तो अपमान वाटतो, मग घास तोंडात जातो. व्हिएतनामी वंशाचा दिग्दर्शक त्रान आन हुंग याने या कादंबरीवर केलेल्या चित्रपटाला २०२३ साली कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरीच्या नावात दोदें आहे. हंडी मात्र त्याची स्वयंपाकीणच चढवते.

खऱ्या आयुष्यात नाव मिळवलेल्या स्वयंपाकिणी सापडतात त्या लियोंमध्ये. तिथल्या रेशमाच्या पैशावर पोसलेल्या घरांत या बाया कामाला होत्या. काळ बदलला, घरांना त्या परवडेनात, तशा त्यांनी स्वतःच्या खानावळी काढल्या. लोक त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. त्यांतली एजेनी ब्राझिए १८९५ साली जन्मली. लहानपणीच आई गेली, शेतावर डुकरं राखत वाढली, लग्नाविना मूल झालं म्हणून घर तुटलं, आणि ती लियोंच्या एका घरी कामाला लागली. मेर फियूच्या खानावळीत हात तयार करून तिने १९२१ साली स्वतःची उघडली. १९३३ साली तिच्या दोन्ही खानावळींना, शहरातल्या आणि डोंगरावरच्या, मिशलँचे तीन-तीन तारे मिळाले. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिली. तिची प्रसिद्ध कोंबडी म्हणजे कातडीखाली काळ्या ट्रफलचे काप सरकवून रश्शात शिजवलेली ‘अर्ध-सुतकी’. पांढऱ्या कातडीतून काळं दिसतं म्हणून हे नाव. ती कोंबडी निगुतीने केलेली पूल ओ पोच आहे. पुढे जगभर गाजलेला पोल बोक्यूज दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्याकडे उमेदवारी करत होता, तेव्हा त्याला गाय दोहण्यापासून इस्त्रीपर्यंत सगळं करावं लागलं.

युद्धाने हंडी पुन्हा रिकामी केली. जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये मांस, लोणी, पाव सगळं कुपनावर. मिळे ते रुटाबागा आणि टोपिनांबूर ही कंदमुळं. त्या पिढीने पुढे आयुष्यभर त्यांना शिवायचं नाकारलं. रेशनिंग १९४९ साली संपलं. १९५३ साली सेब कंपनीचा ‘कोकोत-मिन्यूत’ हा प्रेशर कुकर आला आणि तीन तासांचं पोतोफ तासाभरावर आलं. कुकरमध्ये रस्सा गढूळ होतो, ही तक्रार कारेमच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. नोकरीवरून सात वाजता परतणाऱ्या बाईला तो हिशेब मांडायला सवड नव्हती.

त्याच १९४९ साली एका अमेरिकन मुत्सद्द्याची बायको कोर्दों ब्ल्यूत दाखल झाली. ज्युलिया चाइल्ड. सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर तिने लिहिलेलं सातशेहून जास्त पानांचं पुस्तक एका प्रकाशकाने नाकारलं, दुसऱ्याने १९६१ साली छापलं. ते ‘नोकर नसलेल्या’ अमेरिकन गृहिणीसाठी आहे, असं प्रस्तावनेतच म्हटलं होतं. मनोंचं पुस्तक नोकरासाठी, हे नोकराविना घरासाठी. मधली दोनशे वर्षं या दोन वाक्यांत बसतात. फेब्रुवारी १९६३मध्ये तिची दूरदर्शन मालिका सुरू झाली ती बफ बूर्गिन्योंने. मांसाचे तुकडे परतण्याआधी कागदाने टिपून कोरडे करा, ओलं मांस लाल होत नाही, हे तिने अमेरिकेला शिकवलं. तिच्या कृतीत आणखी एक बारकावा आहे: बेकन आधी दहा मिनिटं पाण्यात उकळायचं. फ्रेंच घरात ते नुसतं खारवलेलं असतं. अमेरिकेत धुरी दिलेलं मिळतं, आणि तो धुराचा वास सगळ्या रश्शाला लागतो. आज मुंबई-पुण्यात कोणी नाशिकची रेड वाईन आणि मटण घेऊन हा पदार्थ करतो, तेव्हा त्याच्यापुढे बहुधा ज्युलियाचीच कृती असते, एस्कोफिएची नव्हे.

पॅरिसमध्ये सध्या बुइयों पुन्हा जोरात आहेत. १८९६ साली उघडलेलं शार्तिए अजून चालू आहे. बिल टेबलावरच्या कागदावर पेनाने लिहितात. २०१७ साली पिगाल चौकात नवं बुइयों उघडलं आणि पहिल्या महिन्यांपासून फुटपाथवर रांग लागली. सुरुवातीला जागा राखून ठेवायची सोय नव्हती. टेबलं खेटून, वाढणं झटपट, दर खिशाला सोसणारे. द्युव्हालने बसवलेलं गणित तेच. तिथे बफ बूर्गिन्यों मिळतो तो कोकियेत नावाच्या छोट्या वाकड्या मॅकरोनीसोबत. फ्रेंच शाळांच्या जेवणघरात पोरांना वाढतात ती ही मॅकरोनी, आणि ताटातला रस्सा ती सगळा शोषून घेते.